झोळीवरचं फडकं

"साहेब, हेच ऱ्हाऊ द्या. पुढं नका जाऊ," म्हणत जळबा उठून उभाच राहिला.

डोंगरकडा गावच्या शाळेत खिडक्यांना घोंगड्या टांगून भर दुपारी अंधार केला होता. शहरातल्या चित्रदालनात जे लावलंय ते खेड्यातल्या माणसांनाही बघायला मिळावं, म्हणून गाडी आली होती. अमृतराव नावाचे साहेब यंत्रात एकेक स्लाइड सरकवायचे आणि समोरच्या चादरीवर राजे-राण्या उमटायच्या. लोक आपले जांभया देत होते. मग बहात्तरच्या दुष्काळाचा फोटो आला आणि सगळी शाळा बोलायला लागली. त्यात खडी फोडणारी बाई जळबाची बायको होती, जनकाबाई!

जनकाबाई तिथंच बायकांत मान खाली घालून बसली होती. जळबाला मात्र तिचं काही नव्हतं. तो बघत होता फोटोतल्या बाभळीला बांधलेल्या झोळीकडं. त्या झोळीत त्याची लेक होती. त्या साली तो तेलंगणात धरणाच्या कामावर गेला होता. मागं पोरगी झाली, चांगुणा नाव ठेवलं, आणि तो परतायच्या आत, चौथ्या महिन्यात ती वारलीसुद्धा. बापानं लेकीचं तोंड म्हणून पाहिलं नव्हतं. कशी होती विचारलं की जनका म्हणायची, तुमच्यावानी. एवढ्यावर माणसानं सात वर्षं काढायची म्हणजे काय!

झोळीतून एक पाय बाहेर आला होता. पायात काळा दोरा. तोंडावर फडकं.

जरा मोठं करून दावा, म्हणून जळबानं हात जोडले. अमृतराव भला माणूस. त्यांनी यंत्र पार भिंतीला टेकेपर्यंत मागं नेलं. पाय हातभर झाला, दोरा सुतळीएवढा झाला. फडकं तेवढं मोठं झालं, अन् पुसटही झालं. साहेब हळूच म्हणाले, की बाबा, फोटोत जे आलंच नाही ते यंत्र कुठून आणणार? स्लाइडही तापत होती, आणखी धरली तर जळाली असती.

जळबाला राहवेना. तो चादरीपाशी गेला आणि फडकं सारायला हात घातला. फडकं त्याच्याच हातावर आलं. मागं कुणीतरी हसलं, अन् लगेच गप्प झालं.

जळबाचा सगळा संताप मग फोटो काढणाऱ्यावर निघाला.

"त्या मुडद्याला एवढं फडकं सारता आलं न्हाई? काहून न्हाई सारलं?"

जनकाबाई उठून त्याच्याजवळ आली.

"सारा म्हणला व्हता त्यो. चार येळा म्हणला," ती म्हणाली. "मीच न्हाई सारू दिलं. म्हणलं, लेकराला नजर लागंल."