गुरुवारचा टीव्ही

“बाकी दिवस नीट चालतो. गुरुवारीच मेला लागत नाही,” कॉफी ओतत म्हातारी उन्नूर म्हणाली.

“जुनी सवय असेल त्याला,” मी टीव्हीची पाठ उघडत हसलो. आमच्या आइसलँडमध्ये पूर्वी गुरुवारी टीव्हीला सुट्टी असायची. त्या संध्याकाळी माणसं एकमेकांकडे गप्पा मारायला जायची.

“माझ्या नवऱ्यानं, त्रिग्वीनं, मरेपर्यंत ते पाळलं. त्या खुर्चीतून रिमोटनं टीव्ही बंद करायचा आणि म्हणायचा, आता बोला!”

आत सगळं ठीक होतं. मी टीव्हीचं बटण दाबलं. चित्र आलं आणि लगेच गेलं.

रिमोटचं बटण अडकलं असावं. रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र जांभळा दिसतो. कॅमेऱ्यात पाहिलं, तर रिमोट विझलेलाच होता. तरी मी त्याचे सेल काढले आणि टीव्ही पुन्हा लावला.

कॅमेरा चालूच होता. त्यात रिकाम्या खुर्चीच्या हातापाशी एक जांभळा ठिपका चमकला. टीव्ही बंद झाला.

“बस रे आता, कॉफी निवतेय,” उन्नूर म्हणाली.

ठिपका हळूच माझ्याकडे वळला, आणि माझ्या हातातला मोबाइलही विझला.