मागची गाठ

आवेरोने धाकट्या बहिणीच्या डोईचं वस्त्र बांधत आणलं. जांभळ्या आसो-ओकेच्या, हातमागाच्या त्या जाड कापडाच्या, कडक चुण्या कपाळावर पंख्यासारख्या उभ्या राहिल्या. मागची गाठ तेवढी उरली होती. तिने ती मारली, पण ओढून आवळली नाही. पुढून कोणाला काही कळणार नव्हतं.

इसेयिन गावच्या निम्म्या मुली तिच्या हातून डोकं बांधून सासरी गेल्या होत्या. तिला मात्र कोणी मागणी घातली नाही. आणि आज मोरोंके, जिला साधं पाणी धड तापवता येत नाही, ती नवरी होऊन पुढ्यात बसली होती.

आता ती मांडवात सासरच्यांपुढे गुडघे टेकेल. मान लववेल. वस्त्र घसरून मातीत पडेल. गाणी म्हणणारी बाई तिथल्या तिथे त्यावर ओळ जुळवेल, आणि गाव ती जन्मभर म्हणेल. आवेरोला एवढंच हवं होतं.

बाहेर बोलका ढोल मुलीच्या कुळाची नावं घेत होता. रामोता आत्या दारातून डोकावली.

"झालं का गं? अगं बाई, राणीच की!" मग आवाज जराही न उतरवता म्हणाली, "तरी मी हिला सांगत होते, डोकं कोणाच्याही हातात देऊ नकोस. माणसाचं नशीब डोक्यात असतं. जिचं स्वतःचं जमलं नाही, तिचा हात कशाला..."

"आत्या, भात करपतोय तुमचा," मोरोंके म्हणाली. आत्या फणकाऱ्याने गेली.

आवेरोने आरसा पुढे केला. मोरोंकेने त्यात पाहिलंच नाही. तिने मान हळूच डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"अक्का, तू बांधलंस की कानशिलं ठणकतात. पोरी रडतात तुझ्या नावाने."

"मग?"

"मला काहीच होत नाहीये."

आवेरोने आरसा खाली ठेवला.

"असू दे," मोरोंके उठत म्हणाली. "पडलं तर मी सांगेन, अक्काचं ऐकलं नाही, माझं मीच बांधलं."

ढोल दाराशी आला. "आणा मुलीला!" कोणीतरी ओरडलं.

आवेरोने तिला खांद्यांना धरून खाली बसवलं आणि गाठ सोडली.

"थांबू दे त्यांना," ती म्हणाली. "मान ताठ धर."