दोघांची तहान

वाळूच्या टेकडीखाली वैजयंतीताई थांबली आणि तिने आपली बाटली धाकट्या भावापुढे धरली. "घे इंद्रजित, पी."

"नको ताई, तुझं पाणी आहे ते."

"गप रे. माझा घसा नुसता जळतोय. तुला किती तहान लागलीय, ते मला कळत नाही का?"

वाळवंटातल्या या शर्यतीत जोडीने धावायचं, आणि दोघांच्याही कानामागे तहानेची टिकली लावायची. एकाची कोरड दुसऱ्याच्या घशात उतरायची, म्हणजे कुणी एकट्याने पाणी संपवणार नाही.

मागच्या चढावर इंद्रजितला दोघांची तहान सोसवेना. टोपी सारखी करायच्या निमित्ताने त्याने आपली टिकली उपटून वाळूत टाकली. मग ताई पुढे गेल्यावर आपली बाटली घटाघटा रिकामी केली. तेव्हापासून त्याच्याकडून तिच्याकडे काहीच जात नव्हतं. तिच्या घशातली सगळी कोरड तिची एकटीची होती.

सांगितलं तर जोडी बाद होणार होती. तिने या शर्यतीसाठी वर्षभर साताऱ्याचे डोंगर पालथे घातले होते. त्याने मान खाली घालून एक घोट घेतला.

ताई डोळे मिटून वाट बघत राहिली. मग फुटलेल्या ओठांनी हसली. "पाहुण्यासारखा काय पितोस? माझा घसा अजून तसाच आहे."

त्याने बाटली तिच्याकडे सरकवली. तिने ती त्याच्याच तोंडाला लावली.

"संपव सगळं. तुझी भागली, की माझीही भागेल."