तासभराचा थांबा

नळदुर्गच्या दूध संघातून निवृत्त झालेल्या आजोबांसोबत मी सोलापूरच्या सहल कंपनीत आले होते. तिथल्या साहेबांनी युरोपच्या दोन सहलींची पत्रकं पुढं ठेवली. माझं बोट पॅरिसच्या चित्रावर. आजोबा मात्र दुसऱ्या पत्रकात जर्मनीतलं एकच गाव शोधत होते. बहात्तरच्या दुष्काळात मला पाळण्यात ठेवून बाबा त्या गावी नोकरीला गेले. अपघातात वारले, तिथंच पुरले गेले. "तिथं बघण्यासारखं काही नाही," साहेब म्हणाले. "बस जेवायला तासभर थांबते." "तासभर पुरं," म्हणत आजोबांनी पिशवीतून लाखेनं तोंड बंद केलेला गडू काढून टेबलावर ठेवला. "आमच्या हिरीचं पाणी हाय. संगं नेता यील न्हवं?" साहेब हसले. "युरोपात पाण्याला काय तोटा?" मी पॅरिसचं पत्रक परत दिलं. आजोबा म्हणाले, "निघताना पोरानं तांब्याभर पाणी मागितलं हुतं. घरात थेंब न्हवता."