उघडं फाटक

नवखं कुणी आलं की मागे पडल्याची लाज वाटू नये म्हणून त्याच्याही मागे राहायचं, हे आमच्या वेल्श डोंगरधावकांच्या क्लबात माझं काम. “माझे गुडघे गेलेत गं, तू हो पुढे,” मी आजच आलेल्या लौरीला खोटंच म्हणालो. माथ्याजवळ धुकं उतरलं आणि ती दिसेनाशी झाली. धडपडत मेंढ्यांचं फाटक गाठलं, तर सताड उघडं! पुढे गेलेल्या धावकांनी ते तिच्यासाठी उघडं ठेवलं असणार. पण लौरी मेंढपाळाची पोर, फाटक लावल्याशिवाय पुढे जायची नाही. म्हणजे ती इथवर पोचलीच नव्हती. डावीकडे सरळसोट कडा. शिट्टी जोरात फुंकली. “लौरी!” ओरडलो. फाटकापलीकडून ती कुडकुडत पुढे आली. “फाटक का नाही लावलंस?” मी खेकसलो. “तुम्ही मागे होतात ना?” ती रडवेली झाली. “गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला धुक्यात टाकून कशी जाऊ?”