नांगऱ्याचं भाषण

"कापू देत कान. एक तुझा जाईल, एक माझा," ह्यू टिली म्हणाला.

बार्नबी फ्लड आरशासमोर बसून शांतपणे दाढी चिकटवत होता.

दोन वाजता खेळ होता. छपरावर झेंडा चढला होता आणि थेम्सच्या पलीकडून होड्या भरभरून माणसं येत होती. नाटक एका राजाच्या पतनाचं. ह्यू राजा, बार्नबी नांगऱ्या. चौथ्या अंकात हा फाटका नांगऱ्या राजवाड्याच्या बंद दारासमोर राजाला सुनावतो आणि ते ऐकून राजा बाहेर येऊन मुकुट उतरवतो. धान्य महागलेल्या त्या वर्षी असलं लिहायला छाती लागते. ती अँब्रोज केटकडे होती, म्हणून तो तीन आठवडे तुरुंगात सडत होता. त्याचा निरोप एवढाच आला होता : माझी काळजी सोडा, भाषण तेवढं लोकांच्या कानांवर घाला.

पण नाटकांना परवाना देणारे मास्टर थॅकर यांनी नेमकी त्याच भाषणावर काट मारली होती. वर बजावलं होतं, की जो कोणी ते रंगमंचावर उच्चारील त्याचे कान जातील आणि मुक्काम केटच्या शेजारी पडेल.

ह्यूने कानांची पर्वा केली नसती. पण त्याला ते भाषण येतच नव्हतं. नटाच्या हाती अख्खं नाटक द्यायची पद्धतच नव्हती; कुणी दुसऱ्या मंडळीला विकलं म्हणजे? ज्याला त्याला आपापल्या वाक्यांची गुंडाळी आणि आधीच्या माणसाचे शेवटचे शब्द, बस्स. ते कानावर पडले की प्रवेश करायचा. ह्यूच्या गुंडाळीत त्या भाषणाचे चारच शब्द होते : आता उतरव तो मुकुट.

सगळं भाषण होतं बार्नबीच्या गुंडाळीत आणि मूळ वहीत. गुंडाळी बार्नबीने सकाळी स्वतःहून थॅकरांच्या हातात दिली आणि त्यांनी ती शेगडीत घातली. वही तर त्यांनी आधीच काखोटीला मारली होती.

"पाठ तर असेल तुला?" ह्यूने विचारलं.

"होतं. विसरलो."

"आठशे ओळी एका दमात म्हणणारा तू, आणि तेवढंच विसरलास? केटच्या बायकोला काय तोंड दाखवशील रे?"

तेवढ्यात मास्टर थॅकर आत आले. बार्नबी ताडकन उठला आणि कमरेत वाकला.

"सरकार, तुम्ही आत कोंदटात कशाला? रंगमंचावरच स्टूल टाकतो. वही तुमच्याकडे आहे, आमच्यातलं कुणी अडलं तर शब्द तुम्हीच पुरवा."

"बघू," थॅकर म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला. "शिकत असताना मीही भूमिका करत असे."

"ते या आवाजावरूनच कळतं, सरकार."

ह्यूला शिसारी आली. वीस वर्षांची दोस्ती, आणि हा असा लाळघोटा निघावा.

खेळ सुरू झाला. पहिल्याच अंकात बार्नबी तीनदा अडला. थॅकर हळूच शब्द सांगायचे. खाली उभ्या गर्दीतून हाकाटी झाली, "ऐकू येत नाही, मोठ्याने बोला." दुसऱ्या अंकात थॅकर मोठ्याने बोलू लागले. तिसऱ्यात ते त्यासाठी चक्क उठून उभे राहिले, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि साहेबांनी मान लववून त्या घेतल्या. ह्यूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या अंकाआधी त्याने बार्नबीला दाराआड गाठलं.

"ऐकून ठेव. माझे चार शब्द आल्याशिवाय मी बाहेर येणार नाही. नाटक पडलं तर पडू दे."

बार्नबीने दिवसभरात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"मग ठाम राहा. ऐन वेळी पाय लटपटू देऊ नकोस."

वर टोमणाही मारतो हरामखोर, असं ह्यूच्या मनात आलं.

बार्नबी बाहेर गेला. त्याची दोन-चार वाक्यं झाली आणि मग सारं थांबलं.

"राजा, प्रवेश," थॅकरांचा आवाज आला.

ह्यू हलला नाही.

"राजा, बाहेर या."

"माझे शब्द आलेले नाहीत," ह्यू दाराआडून ओरडला. लोक खदखदून हसले.

"हा खेचराच्या जातीचा आहे, सरकार, हलायचा नाही," बार्नबीचं रडगाणं ऐकू आलं. "आणि मला तर काहीच आठवत नाही. कुठपासून कुठपर्यंत गाळलंय, तेवढं तरी सांगा."

काहीतरी पुटपुटणं झालं. गर्दी खवळली. "ऐकू येत नाही." "पुढे येऊन." "हातवारे करून."

ह्यूने दाराला कपाळ टेकलं. संपलं सगळं. बिचारा केट.

आणि मग ते सुरू झालं.

"राजा, तुझ्या कोठारांना कुलपं आहेत. आमच्या पोरांच्या भुकेला कुलूप कुठून आणू? नांगर मी धरला, पेरलं मी, आणि माझ्याच दारात तू पहारा बसवलास..."

आवाज आधी अडखळत होता. तिसऱ्या वाक्याला त्याने पकड घेतली, पाचव्याला तो नुसता गरजत होता. तीन हजार माणसं श्वास रोखून ऐकत होती. असा आवाज बार्नबीने आजवर कधी लावला नव्हता. ह्यूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मनातल्या मनात त्याने दिवसभराची प्रत्येक शिवी परत घेतली. तुरुंगात जाऊ, दोघं जाऊ, पण बोललास रे गड्या.

"आता उतरव तो मुकुट."

ह्यूने दार ढकललं आणि तो बाहेर आला.

बार्नबी फ्लड स्टुलावर पायावर पाय टाकून बसला होता, आणि रंगमंचाच्या मधोमध, एका हातात वही उंच धरून, टाळ्यांची वाट बघत मास्टर थॅकर उभे होते.