पालक हजर

"एकतीसपैकी सत्तावीस." टक्केसरांनी तक्त्यावर पेन टेकवलं. "सत्तावीस जण संध्याकाळच्या तुकडीतले. आता यावर आणखी काय बोलायचं?"

समोर संध्याकाळच्याच तुकडीतली सिस्टर बसली होती. वॉर्डातली ड्युटी संपवून ती थेट आली होती, युनिफॉर्मवर स्वेटर चढवून. बोलायचं ते तिनं आल्या आल्याच बोलून टाकलं होतं. अहवालातली चार पानं दुसऱ्याची होती, तिनं उतरवली होती.

टक्केसर संख्याशास्त्र शिकवत आणि शिस्त समितीचे अध्यक्षही होते. त्यांचं खरं नाव विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विसरत. नक्कल करताना एकदा सापडणं त्यांना समजू शकत असे. दुसऱ्यांदा सापडणारे मात्र वेगळ्या मातीचे, असं त्यांचं ठाम मत होतं. ते कोण, किती वयाचे, कुठल्या तुकडीतले, याचा त्यांनी रजिस्टरातल्या नोंदींवरून तीन वर्षांचा तक्ता केला होता. उत्तर स्वच्छ निघालं. तिशीच्या पुढचे, नोकरी करणारे, संध्याकाळचे. तक्ता सोमवारी कुलगुरूंकडे जायचा होता. त्याच्याखाली शिफारसही टाईप होऊन तयार होती : संध्याकाळच्या तुकडीचे प्रवेश निम्मे करावेत.

सिस्टर बत्तिसावी ठरणार होती. मागच्या वर्षी तिनं मैत्रिणीचा प्रकल्प उतरवला होता, त्याची एक नोंद रजिस्टरात होतीच. दुसरी झाली की नाव कमी. शेवटचं सत्र चालू होतं. पदवी मिळाली तर हॉस्पिटलातली मेट्रनची जागा तिची होती. नाही मिळाली तर एकवीस वर्षं जिथं उभी होती तिथंच उभं राहायचं.

"दिवसाच्या मुलांचं बघा," टक्केसर म्हणाले. "एकदा सापडतात. आईबाप धावत येतात, सही करतात, पोर सुधारतं. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडले फक्त चार. घरचं लक्ष असतं हो, दुसरं काही नाही."

नियमच तसा होता. चौकशीला पालक हजर राहिला आणि त्यानं हमीपत्रावर सही केली, की समज देऊन प्रकरण बंद. ते बाहेर हेडक्लार्क बाईंच्या टेबलावरच मिटे, सरांपर्यंत येत नसे आणि रजिस्टरातही चढत नसे. पालक आला नाही, तरच चढे. सिस्टरनं मागच्या वेळी पालकाच्या रकान्यात स्वतःचीच सही ठोकून दिली होती. आईवडील गेले, नवराही गेला. त्रेचाळिसाव्या वर्षी पालक म्हणून कुणाला उभं करायचं, असं तिला वाटलं होतं. बाईंनी त्या सहीवर काट मारून 'पालक गैरहजर' असं लिहिलं होतं.

आज त्याच बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, पालक बोलावण्याची संधी द्यावी लागते. नाहीतर उद्या अपिलात जातील आणि आपण तोंडघशी पडू."

"अहो बाई, यांचा पालक? यांचं वय बघा."

"वयाचं काही छापलेलं नाही. 'रक्ताच्या नात्यातली सज्ञान व्यक्ती', एवढंच आहे." बाई सिस्टरकडे वळल्या. "तुमचा मुलगा इथंच आहे ना, दुसऱ्या वर्षाला?"

"हो, खालच्या मजल्यावर." सिस्टर जरा कचरली. "पण त्याला कशाला, मॅडम?"

"अठरा पूर्ण?"

"एकविसावं चालू आहे."

"मग झालं तर."

सरांना हसू आलं. पण आकड्यांच्या खालोखाल त्यांचा जीव नियमांवर होता. "बोलवा," ते म्हणाले. "बघू तरी."

मुलगा जिने चढून धापा टाकत आला. अध्यक्षांची पाटी बघून तो दारातच थबकला.

"सर, मी काही केलेलं नाही."

"तुला कोण काय म्हणतंय? ये, बस आईशेजारी."

बाईंनी हमीपत्र पुढं केलं. तो पुटपुटत वाचू लागला.

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली.

"'माझ्या पाल्यास मी योग्य ती समज देईन,'" त्यानं वाचलं, "'व पाल्याच्या अभ्यासावर जातीनं लक्ष ठेवीन.'"

सही कुठं करायची ते त्याला दाखवावं लागलं नाही. बाईंनी 'प्रकरण बंद' असा शिक्का मारला. सिस्टरनं सरांना नमस्कार केला आणि पर्स उचलली. पदवी वाचली होती.

"समज इथंच देतोस का घरी गेल्यावर?" दारातून बाहेर पडताना तिनं विचारलं.

"आई, चल ना गं."

दोघं गेल्यावर टक्केसर खुर्चीत मागं रेलले. गडी खूश होता.

"बघितलंत, बाई? एकाच घरातले दोघं. आई संध्याकाळची, मुलगा दिवसाचा. आई दोनदा सापडते आणि मुलगा जामीन राहतो. माझा तक्ता याहून वेगळं काय सांगतोय? हे उदाहरण शिफारशीत घाला. नाव न घेता."

बाईंनी आधी शिक्क्याची शाई वाळू दिली. मग उठून कपाटातून बंद प्रकरणांची जाडजूड फाईल काढली, थुंकी लावत पानं उलटली आणि तीन कागद सोडवून सरांच्या तक्त्यावर एकाशेजारी एक मांडले.

"घालते की, सर. फक्त एक सांगा. या मुलाच्या तिन्ही हमीपत्रांवर पालक म्हणून आत्ता गेल्या त्या सिस्टरांची सही आहे. मग त्याला कुठल्या रकान्यात धरू?"